नदी की नाला?

पर्यावरणशास्त्रावरील व्याख्याने शाळांना आता नवी राहिलेली नाहीत. पर्यावरणाचे शिक्षण शाळा-महाविद्यालयांतून अनिवार्यपणे द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. तेव्हापासून अशा व्याख्यानांचा एक ठराविक क्रम झाला आहे. विद्वान वक्ते येतात, पडद्यावर चित्रे दाखवितात, हिमनद्या वितळत असल्याचे आणि अरण्ये तुटत असल्याचे सांगतात. मुले टाळ्या वाजवितात, आभार मानले जातात आणि सभा संपते.

मरोळच्या एका शाळेत असेच एक व्याख्यान झाले. दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांस त्यावर आपले विचार लिहावयास सांगण्यात आले. बहुतेकांनी झाडे लावण्याविषयीच्या घोषणा सुवाच्य अक्षरांत लिहून काढल्या. सातवीतील एका मुलाने मात्र केवळ एक प्रश्न लिहिला : ‘आपल्या येथून वाहते ती नदी आहे की नाला?’

प्रश्न लहानच, परंतु कालच्या साऱ्या व्याख्यानात तो कोणासही सुचला नव्हता. ज्याला मरोळचे लोक सहजपणे नाला म्हणतात, ती मिठी नदी होय. विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्याच्या पाण्यापासून ती बनते. विहार तलाव तर मुंबईस पिण्याचे पाणी पुरविण्यासाठीच १८६० च्या सुमारास बांधून पूर्ण झाला. आरे, मरोळ, साकीनाका, कुर्ला अशी सुमारे १८ किलोमीटर वाहत जाऊन ही नदी माहीमच्या खाडीस मिळते. विमानतळाजवळ तर तिला चक्क काटकोनात वळावयास लावले आहे! ज्या नदीचे नावदेखील ठाऊक नाही, तिच्या रक्षणाची शपथ घेण्यात अर्थ तो कोणता?

पुढे शाळेने गटवार कार्यशाळा भरविली, हे फार योग्य झाले. शिक्षकांनी हातमोजे घालून पुलावरून दोरीने बादलीभर पाणी काढले. एका उभ्या काचेच्या नळीच्या तळाशी काळी-पांढरी चकती बसविली होती. नळीत थोडे थोडे पाणी ओतीत जावयाचे आणि वरून पाहता चकती दिसेनाशी होताच पाण्याची उंची मोजावयाची. आंजेलो सेक्की नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये पांढरी चकती समुद्रात सोडून पाण्याचा स्वच्छपणा मोजला होता. शाळेच्या नळाच्या पाण्याने नळी काठोकाठ भरली, तरी चकती दिसतच राहिली. नदीच्या पाण्यात ती चार बोटांतच नाहीशी झाली. मुले गप्प झाली. चित्रे पाहताना ती अशी गप्प झाली नव्हती.

गटकार्यातही दोष असतातच. एक हुशार मुलगा सारे काम करतो आणि बाकीचे वहीत उतरवून घेतात, हा अनुभव बहुतेक शाळांस आहे. म्हणून नळी प्रत्येकाच्या हाती द्यावयास हवी, मग एखादी फुटली तरी चालेल.

याच मुलांनी मग पावसाचे गणित मांडले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर ९४४ लिटर पाणी! शहराच्या पर्जन्यवाहिन्या मुळात ताशी सुमारे २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून बांधलेल्या होत्या. त्यातच नदीचे पात्र भरावाने आणि कचऱ्याने आक्रसलेले. त्या दिवशी नदी घराघरांत का शिरली, हे मुलांस भाषणावाचून उमगले.

तथापि खरी अडचण निराळीच होती. ‘नदी कोणी घाण केली?’ असे विचारताच गटातील एकाने ‘कारखान्यांनी’ म्हणून सांगितले. प्रश्न लिहिणारा तो मुलगा मात्र खाली पाहू लागला. त्याचे वडील धातूंना मुलामा चढविण्याच्या एका लहानशा कारखान्यात कामास होते. रात्री जेवताना त्याने धीर करून विचारले, “बाबा, तुमच्या हौदातले पाणी कुठे जाते?” वडील म्हणाले, “मोरीत.” “आणि मोरीतून?” वडील काही वेळ थांबले. मग म्हणाले, “हे आजवर कोणी विचारलेच नाही रे.”

‘मानवाने निसर्गाचा नाश केला’ असे व्याख्यानात म्हणणे सोपे असते, कारण त्या मानवाचा पत्ता कोणास द्यावा लागत नाही. मिठीत कारखान्यांचे पाणी जाते, गोठ्यांचे शेण जाते आणि असंख्य घरांचे सांडपाणीही जाते. त्यात शाळेचे सांडपाणी आहे की नाही, हेही पाहावयास हवे. पोट भरण्यासाठी राबणाऱ्या बापास दोषी ठरवून मुलाने मान खाली घालावी, हे काही पर्यावरणाचे शिक्षण नव्हे. सांडपाणी शुद्ध करण्याची सोय कोणी करावयाची, तिचा खर्च कोणी सोसावयाचा आणि ती का झाली नाही, हेही मुलांना विचारता आले पाहिजे.

त्या गटाच्या वहीत एक रकाना होता : ‘हे पाणी कोठून आले?’ मुलाने त्यात लिहिले, ‘बाबांच्या कारखान्याची मोरी. पुढचा मार्ग अजून सापडलेला नाही.’ शिक्षकांनी ते तसेच राहू दिले. पावसाळा सुरू झाल्यावर त्याच पुलावर जाऊन पुन्हा मोजणी करण्याचे ठरले, आणि या खेपेस त्याचे वडीलही सोबत येणार होते.