मदतीला धावणाऱ्या बाहुल्या

मुलांच्या साहसकथेत एक दुष्ट माणूस हवाच, शेवटी त्याला बडवून काढायला हवंच, नाहीतर मुलं खिळून बसत नाहीत, असं पुष्कळ जण मानतात. मला हे कधीच पटलेलं नाही. शाळेत इतकी वर्षं मुलांना गोष्टी सांगितल्या, त्यात एक पाहिलं. "मग त्याने त्याला मारलं" याने मुलं जेवढी टवकारतात, तेवढीच "आता तो वर येणार का?" यानेही टवकारतात. विहिरीत पडलेलं वासरू बाहेर काढायची गोष्ट सांगून बघा. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल.

हे आज लिहायचं कारण म्हणजे 'थंडरबर्ड्स' नावाची एक जुनी ब्रिटिश बाहुल्यांची मालिका. ती तिकडे ३० सप्टेंबर १९६५ ला सुरू झाली. तेव्हा आपल्याकडे मुंबईत दूरदर्शनसुद्धा नव्हतं, ते आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. त्यामुळे माझ्या पिढीने ती लहानपणी पाहिली असण्याचा प्रश्नच नाही. मी पाहिली ती इंग्लंडला लेकीकडे मुक्कामाला असताना, नातवाच्या शेजारी बसून. एकूण ३२ भाग, प्रत्येक साधारण ५० मिनिटांचा. माझं इंग्रजी बेताचं, पण कुठे अडलं नाही. माणसं अडकली आहेत, वेळ थोडा आहे, एवढं कळायला भाषा लागत नाही.

मालिका केली गेरी आणि सिल्व्हिया अँडरसन या जोडप्याने. कथा पुढच्या शतकात घडते. जेफ ट्रेसी नावाचा एक श्रीमंत, निवृत्त अंतराळवीर पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर राहतो. त्याला पाच मुलगे. स्कॉट, व्हर्जिल, ॲलन, गॉर्डन आणि जॉन ही त्यांची नावं अमेरिकेच्या पहिल्या अंतराळवीरांवरून ठेवलेली. जगात कुठेही कोणी अशा संकटात सापडलं, की जिथे नेहमीचे उपाय संपले, तिथे हे पाच जण आपली अजब यंत्रं घेऊन धावतात. मोबदला घेत नाहीत, नाव सांगत नाहीत. काम झालं की निघून जातात.

ही कल्पना आकाशातून पडलेली नाही. ऑक्टोबर १९६३ मध्ये पश्चिम जर्मनीत लेंगेडे इथल्या लोखंडाच्या खाणीत पाणी घुसलं. २९ कामगार गेले. पण ११ जण आत जिवंत होते. जमिनीतून भोक पाडून, एका अरुंद नळकांड्यात बसवून त्यांना एकेक करून वर काढलं, ते चौदा दिवसांनी. गेरी अँडरसन यांच्या मनात ही बातमी घर करून राहिली. भोक पाडायचं यंत्र दुरून आणावं लागलं होतं आणि त्यात वेळ गेला होता. अशी यंत्रं कुठेतरी कायम तयार असती तर? या एका प्रश्नातून मालिका उभी राहिली.

म्हणूनच इथे बहुतेक वेळा झुंज असते ती घड्याळाशी. पहिल्याच भागात एका विमानाच्या चाकांपाशी बॉम्ब लावलेला आहे. उतरलं तर स्फोट, आणि अणुशक्तीवरचं विमान असल्यामुळे फार वेळ वर राहिलं तर किरणोत्सर्गाचा धोका. मग धावपट्टीवर भरधाव गाड्या सोडून, विमान चाकं न टेकवता त्यांच्या पाठीवर उतरवायचं. ऐन वेळी एक गाडी बिघडते. नातू तर सोफ्यावर उभाच राहिला होता. (मीही पुढे सरकले होते, खोटं कशाला बोलू!) दुसऱ्या एका भागात अमेरिकन नौदलाचं एक जहाज गैरसमजाने यांच्याच विमानावर क्षेपणास्त्रं सोडतं. पुढे न्यूयॉर्कमध्ये माणसं गाडली जातात, तेव्हा त्याच जहाजाची मदत घेऊन सुटका करायची असते. सूड नाही, भाषण नाही. काम आधी.

मला सगळ्यांत आवडला तो जॉन. तो अंतराळातल्या एका तळावर बसून नुसता ऐकत असतो. जगभरातून, वेगवेगळ्या भाषांतून येणाऱ्या हाका. त्याच्या वाट्याला पराक्रम फारसे नाहीत. पण त्याने ऐकलं नाही तर बाकीचे चौघे घरीच बसून राहतील. मदतीची सुरुवात कोणीतरी कान देण्यापासून होते. असं एखादं पात्र हल्लीच्या कार्टूनमध्ये दिसतं का, मला सांगा.

आता बाहुल्यांविषयी. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर मंडळींनी कळसूत्री बाहुल्या जपल्या आहेत. 'कळसूत्री' हा शब्द या इंग्लिश बाहुल्यांना तर तंतोतंत लागू पडतो. त्यांना बारीक धातूच्या तारा असत. तार हे सूत्र, आणि डोक्यात विजेवर चालणारी कळ. संवाद आधी ध्वनिमुद्रित केलेले. त्यांच्या तालावर तारेतून वीज जाई आणि ओठ हले. कळ मावावी म्हणून डोकी अंगाच्या मानाने मोठी. या बाहुल्यांना धड चालता येत नसे, म्हणून त्या सदा कशावर तरी बसलेल्या, नाहीतर सरकत्या पट्ट्यावर उभ्या. बटण दाबतानाचा हात जवळून दाखवायचा झाला की खऱ्या माणसाचा हात! स्लाव गावच्या औद्योगिक वसाहतीतल्या स्टुडिओत हे सगळं चाले. डेरेक मेडिंग्ज हे तिथले करामती गृहस्थ. छोट्या प्रतिकृतींचे स्फोट वेगात चित्रित करून संथ दाखवले की ते अवाढव्य भासतात, ही त्यांची युक्ती. पुढे त्यांनी बाँडपटांसाठी आणि १९७८ च्या 'सुपरमॅन'साठी काम केलं.

तारा दिसतात. नातवालाही दिसल्या. "आजी, दोरी बघ!" म्हणाला आणि पुढच्याच क्षणी त्या बाहुलीच्या काळजीत पडला. मुलांना फसवावं लागत नाही. ती अर्धं काम स्वतःच करतात.

दोषही सांगायला हवेत. मालिकेत खलनायक आहे, अधूनमधून येतो, आणि तो आशियाई चेहऱ्याचा आहे. बेटावर घरकाम करणारा किरानोही आशियाई, तोही त्याचाच सावत्र भाऊ. म्हणजे आपल्यासारख्यांच्या वाट्याला एक तर कपट, नाहीतर चाकरी. त्याची मुलगी टिनटिन शिकलेली इंजिनिअर आहे, तरी सुटकेच्या कामावर जातात ते बहुधा मुलगेच. बाईमाणूस गाजतं ते एक लेडी पेनेलोपी, गुलाबी सहाचाकी रोल्स-रॉइसमधली. तिला आवाज दिला होता खुद्द सिल्व्हियाबाईंनी. मी हे नातवाला थांबवून सांगितलं. मुलांना एवढं कळतं. जुनं आवडतं म्हणून त्याचं सगळंच झाकायचं कारण नाही.

शिवाय यंत्रांवरचा भरवसाही जरा जास्तच. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडात सिल्क्यारा बोगद्यात ४१ मजूर अडकले, तेव्हा मला लेंगेडेच आठवलं. मोठं यंत्र दिल्लीहून विमानाने आणलं, ते शेवटच्या टप्प्यात मोडलं. उरलेले काही मीटर हातांनी खणले ते साध्या खाणमजुरांनी. सतराव्या दिवशी सगळे ४१ बाहेर आले. त्या मजुरांपैकी किती जणांची नावं आपल्या लक्षात आहेत? काम करून ती माणसं निघून गेली, अगदी ट्रेसी बंधूंसारखी. फरक एवढाच की यांच्याकडे बेट नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं. मुलांना साहस दाखवाच, पण शूर कोणाला म्हणायचं हे दाखवताना जरा निवड करा. मारणाऱ्याला आपल्या घरांत पडद्यावर भरपूर जागा मिळते. खणणाऱ्याला, ऐकणाऱ्याला, यंत्र तयार ठेवून वाट बघणाऱ्याला फार थोडी. साठ वर्षांपूर्वीच्या बाहुल्यांनी ती दिली होती.

घरात नातवंडं असतील तर एखादा भाग शेजारी बसून बघा. आणि मारामारीशिवाय चटका लावणारी एखादी मराठी साहसकथा तुम्हाला आठवत असेल, तर मला जरूर कळवा. पुढच्या सुट्टीत सांगायला हवी आहे.