पत्ता सांगा

वर्षभर वाचकांचे जे फोन येतात त्यातला एक फोन मला आता पहिल्या दोन मिनिटांत ओळखू येतो. सुरुवात आमच्या मासिकाच्या गेल्या दिवाळी अंकातल्या एखाद्या लेखाने होते. मग बोलणे उगाच लांबत जाते, पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज येतो आणि खालच्या पट्टीत विचारणा होते, "तुमच्या ओळखी बऱ्याच. मनाचा एखादा चांगला डॉक्टर माहीत आहे का? माझ्यासाठी नाही, एका ओळखीच्यांसाठी."

याच माणसाला गुडघेदुखीचा डॉक्टर विचारून पाहा. मिरजेला कोणाकडे जायचे, कोण ऑपरेशनची घाई करतो, कोणाचा हात हलका आहे, नंबर सकाळी किती वाजता लावायचा, हे सगळे तो एका दमात सांगेल. पित्ताशयाच्या खड्यांचा फोटो मोबाइलमध्ये दाखवेल. आपल्याकडे दवाखान्याचा पत्ता तोंडातोंडीच मिळतो आणि ही आपली फार मोठी सोय आहे. फक्त एका आजाराच्या बाबतीत सगळ्यांची तोंडे बंद होतात. मग प्रत्येक घर पहिल्यापासून शोध सुरू करते, जणू गावात हा आजार आजवर कोणाला झालाच नव्हता. वर्षभर मला याच गोष्टीचा राग येत राहिला. माझ्या रागाचे कारण घरचेच आहे.

माझा थोरला भाऊ कराडच्या एका शाळेत गणित शिकवायचा. पन्नाशीनंतर त्याची झोप उडाली. दाढी राहू लागली. सकाळी दुधाची पिशवी हातात घेऊन तो ओट्यापाशी अर्धा-अर्धा तास उभा राहायचा. ती फोडून पातेल्यात ओतायची, एवढेही त्याच्याने होत नसे. ओळखीच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, त्या काही महिने चालल्या. नातेवाईकांनी दोन देवस्थाने करायला लावली. मग एका मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो. तीन मिनिटांत चार औषधांची चिठ्ठी हातात पडली. पाचव्या दिवशी दादाला मळमळू लागले, जीव घाबरा होऊ लागला. आम्ही गोळ्या बंद केल्या. उदासीनतेवरच्या गोळीचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात असा त्रास होऊ शकतो, हे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. पुढे एका समुपदेशकाने गोळ्यांची गुलामी सोडा, विचार सकारात्मक ठेवा, असे सांगितले. दुसऱ्या महिन्यात दादा होता त्याहून खाली गेला. यात दीड वर्ष गेले.

शेवटी आडून-आडून विचारत कोल्हापूरचा एक पत्ता मिळाला. छोटा दवाखाना, दोन बाकडी, भिंतीवर औषध कंपनीचे कॅलेंडर. समोरच्या बाकावर आमच्याच बिल्डिंगमधले काका बसले होते, भिंतीला भिंत लागून राहणारे. मांडीवर साडीच्या दुकानाची पिशवी, तिच्यातून फाइलचा कोपरा बाहेर आलेला. त्यांनी पेपर वर धरला. मी कॅलेंडरवरच्या तारखा वाचू लागलो. दादाने मात्र साधेपणाने हात जोडले, तेव्हा आम्हा दोघांना मान हलवावी लागली. मग कळले, काकांच्या मुलाचे औषध तिथे नऊ वर्षे चालू होते आणि तो नोकरी व्यवस्थित करत होता. दीड वर्ष आम्ही ज्या पत्त्यासाठी वणवण केली, तो भिंतीपलीकडे होता. होळीला पुरणपोळीचे ताट घेऊन आलेल्या काकूंनी दुधाच्या पिशवीपाशी उभा असलेला दादा पाहिला होता. त्या काही बोलल्या नाहीत.

त्यांना दोष द्यावा तर पुढची चार वर्षे मीही तेच केले. फोन आला की म्हणायचो, "विचारून सांगतो." कोणाला विचारणार होतो? डॉक्टरांचा नंबर माझ्याच खिशात होता.

त्या दवाखान्यात वेगळे काय घडले ते सांगतो, कारण चांगला डॉक्टर ओळखायचा कसा, हाच प्रश्न सगळे विचारतात. पहिल्या दिवशी पाऊण तास बोलणे झाले. थायरॉइडची तपासणी करून घेतली. गोळी एकच, तीही कमी डोसची. पहिल्या आठवड्यात काय होईल ते कागदावर लिहून दिले आणि त्रास वाढला तर फोन कुठे करायचा तेही. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही, थांबवायची वेळ आली की मी हळूहळू कमी करीन, असे बजावले. आणि दोन गल्ल्या पलीकडच्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवले. त्या दर आठवड्याला तासभर दादाशी बोलत. गोळीचे काही विचारले तर म्हणत, ते डॉक्टरांना विचारा. इकडे डॉक्टर विचारत, बाईंनी सांगितलेले सकाळचे फिरणे झाले का? दोघे एकमेकांशी फोनवर बोलत असत. दादाला उभे केले ते या दोघांच्या बोलण्याने, असे मी मानतो. गोळी की समुपदेशन, यावर आपल्याकडे तावातावाने वाद घालणाऱ्यांनी ठाण्याच्या आयपीएचकडे पाहावे. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली उभ्या केलेल्या या संस्थेत दोन्ही प्रकारची माणसे एकाच छपराखाली काम करतात.

कोण कोण असते, हेही अनेकांना माहीत नसते. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचार शिकलेला डॉक्टर. गोळी तो लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ते गोळी देत नाहीत, बोलण्यातून उपचार करतात. समुपदेशकाची पाटी मात्र कोणाच्याही दारावर दिसते, म्हणून शिक्षण काय झाले आहे ते विचारावे. चांगल्या समुपदेशकाला त्या प्रश्नाचा राग येत नाही.

डॉक्टर कमी आहेत हे खरेच. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या २०१५-१६ सालच्या राष्ट्रीय पाहणीत वेगवेगळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांबाहेर आढळले. देशात लाख लोकांमागे पुरता एकही मानसोपचारतज्ज्ञ येत नाही. म्हणून तर जो आहे त्याचा पत्ता दडवणे मला जास्त खटकते. आपण तर मनोरुग्णालये असलेल्या गावांची नावेसुद्धा शिवी म्हणून वापरली. चिडवायचे तर याला ठाण्याला पाठवा, येरवड्याला पाठवा. नागपूर आणि रत्नागिरीकडच्यांना हेच आपापल्या गावाचे नाव घेऊन ऐकावे लागले. २००४ साली मनाच्या आजारावरचा 'देवराई' हा चित्रपट आला, पुढे 'कासव' या चित्रपटाला सुवर्णकमळ मिळाले. थिएटरात आपण डोळे पुसले आणि घरी येऊन शेजाऱ्याला काही कळू दिले नाही.

लपवण्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. मुलीचे लग्न अडते, नोकरीत बढती अडते, घर भाड्याने मिळत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे, आणि तो हवाच. दुसऱ्याच्या आजाराबद्दल आपण बोलू नये. पण आपल्या घरचे, ज्याचे त्याला विचारून, सांगता येते. याच कायद्याने शारीरिक आजारासारखेच मानसिक आजारालाही विम्याचे संरक्षण द्यायला लावले, हे किती पॉलिसीधारकांना माहीत असते? ज्याने दावा केला तोही गप्प.

मासिकाने असल्या विषयात पडावे का, असे कोणी म्हणेल. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढले आणि जे प्रश्न लोक डॉक्टरांनाही विचारायला धजत नव्हते, त्यांची उत्तरे छापली. मराठी मासिकाचे ते काम आहे, असे मी समजतो.

२०२५ साली गडकिल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, शाळेतल्या तिसऱ्या भाषेवरून रान पेटले, आणि सप्टेंबरच्या पुराने मराठवाड्यातली उभी पिके नेली. या तिन्हींवर अंकात मजकूर आहे. पूरग्रस्तांच्या पंचनाम्यात जनावर आणि जमीन मोजली जाते. रात्री झोप लागते का, हे विचारायला रकाना नसतो. अंकाचा विषय 'पत्ता' आहे. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचे पत्ते, निवृत्त पोस्टमनच्या आठवणी, असे बरेच आत वाचाल. हा एक पत्ता आतल्या कुठल्याच लेखात बसेना, म्हणून तो इथे आला.

त्या डॉक्टरांचे नाव इथे छापत नाही. एकाच दारात रांग लागली तर त्यांच्या पाऊण तासाची पुन्हा तीन मिनिटे व्हायची. पण फोन केलात तर लगेच सांगेन, आणि माझ्या भावाचे डॉक्टर म्हणून सांगेन. कोल्हापूर लांब पडत असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. रात्री-अपरात्री १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे. २०२२ पासून तो चालू आहे, फोन मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलतात.

हे सगळे दादाला दाखवल्याशिवाय छापणार नव्हतो. त्याने चष्मा लावून वाचले आणि लाल पेन मागितले. पहिल्या खर्ड्यात 'दादा पूर्ण बरा झाला' असे एक वाक्य होते. ते खोडून समासात लिहिले, 'गोळी अजून चालू आहे, हे लिही.' आणि शेवटच्या पानावर, खाली, 'फी पण सांग. लोक विचारायला लाजतात.'

पहिल्या भेटीचे ८०० रुपये, पुढच्या प्रत्येक वेळी ४००.