पी-डेल्टा बंद करण्याआधी

ईटॅब्समध्ये पी-डेल्टा लावून मॉडेल रन केलं आणि उत्तर कन्व्हर्ज झालं नाही, की बऱ्याच ऑफिसांत हात आधी सेटिंगकडे जातो. इटरेशन वाढवा, टॉलरन्स सैल करा. सबमिशन उद्यावर आलं असेल तर पी-डेल्टाच काढून टाका. ही सवय मोडलीच पाहिजे.

इमारत वाऱ्याने किंवा भूकंपाने झुकली की तिचं स्वतःचं वजन त्या झुकावामुळे जास्तीचा मोमेंट आणतं आणि ती आणखी झुकते; हाच पी-डेल्टा. मजल्याची उंची ३ मीटर, वरचा भार ६०,००० किलोन्यूटन, शिअर १,५०० आणि ड्रिफ्ट ६ मिमी धरा. भार गुणिले ड्रिफ्ट, त्याला शिअर आणि उंचीच्या गुणाकाराने भागलं की ०.०८ हे गुणोत्तर येतं. आयएस ४५६ नुसार ०.०४ च्या पुढे मजला 'स्वे' धरायचा. इथे उत्तरात साधारण ९ टक्के भर पडते. आता आयएस १८९३ म्हणतं तसं बीमचं इनर्शिया ०.३५ पट आणि कॉलमचं ०.७० पट घ्या. शिअर तेवढंच राहून ड्रिफ्ट १२ मिमी झाला, तर उंचीच्या ०.००४ पट या मर्यादेत इमारत जेमतेम पास होते, पण भर १९ टक्क्यांवर जाते. ग्रॉस सेक्शनवर पी-डेल्टा चालवणाऱ्यांना हा फरक दिसतच नाही.

कन्व्हर्ज न होणाऱ्या मॉडेलची दुसरी कॉपी करा, तिच्यात पी-डेल्टा काढा आणि मोडल अ‍ॅनालिसिसचं अ‍ॅनिमेशन बघा. बहुतेकदा दोषी तिथेच सापडतो. ऑटोकॅडमधून आणलेला एखादा कॉलम बीमच्या नोडपासून १० मिमी बाजूला असतो, आणि पडद्यावर बाकी इमारत जागेवर असताना तो एकटाच लांब झुलतो.  मॉडेल स्वच्छ निघालं, तर बकलिंग अ‍ॅनालिसिस करा. फॅक्टर १ च्या खाली आला, तर सॉफ्टवेअर खरं बोलतंय: हा सांगाडा तेवढं वजन पेलणार नाही. मग कॉलम किंवा शिअर वॉल वाढवण्याला पर्याय नाही, आर्किटेक्टची नाराजी पत्करूनही.

मला जास्त काळजी वाटते ती निमूट रन होणाऱ्या चुकीची. स्टाड या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लोड कॉम्बिनेशन ही वेगवेगळ्या केसेसच्या उत्तरांची नुसती बेरीज असते. पी-डेल्टात ती चालत नाही, कारण भूकंपाची केस एकटी सोडवताना इमारतीचं वजन तिच्यात नसतंच. तिथे रिपीट लोडच वापरावा लागतो. हे चुकलं तरी डिझाइन पूर्ण होतं, स्टीलचं शेड्यूलही छापून येतं.

५० मीटरवरच्या इमारतींना आयएस १६७०० पी-डेल्टा विचारात घ्यायला लावतं. त्याखालच्या, स्टिल्ट पार्किंगवर उभ्या इमारतींच्या रिपोर्टमध्येही वरच्या गुणोत्तराचा मजल्यागणिक तक्ता प्रूफ कन्सल्टंटने मागावा, स्टिल्टच्या मजल्यासकट.