पोट लहान झाले, ताटाचे काय?

लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया ही आता केवळ मुंबईच्या पैसेवाल्यांची गोष्ट राहिलेली नाही. नाशिकमध्येही ती होते आणि सिन्नर, निफाड, मालेगावकडची माणसेही ती करून घेतात. ऑपरेशन करणारे सर्जन वेगळे असले तरी घरी सोडल्यानंतर रुग्ण येतो तो आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे. 'पथ्य किती दिवस पाळायचे?' हा त्याचा पहिला प्रश्न असतो. 'जन्मभर' हे उत्तर ऐकून बहुतेकांचा चेहरा उतरतो. पथ्यातून सुटका व्हावी म्हणूनच तर एवढा खर्च केला, अशी त्यांची समजूत असते. आजचा लेख या समजुतीविषयी आहे.

प्रथम या शस्त्रक्रियेत काय होते ते पाहू. आपल्याकडे सर्वांत जास्त केली जाते ती 'स्लीव्ह' शस्त्रक्रिया. तिच्यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. एक ते दीड लिटर अन्न सामावणाऱ्या जठरात सुरुवातीला शंभर-दीडशे मिलिलिटर, म्हणजे एका लहान वाटीएवढेच अन्न मावते. दुसरी 'बायपास' शस्त्रक्रिया. तिच्यात जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याला खालच्या भागात जोडतात. दोन्हींमध्ये भुकेशी संबंधित संप्रेरकांत बदल होतो. भूक मंदावते, थोड्यात पोट भरते आणि वजन झपाट्याने उतरते. पुष्कळांचा मधुमेह आणि रक्तदाबही आटोक्यात येतो. योग्य रुग्णासाठी ही शस्त्रक्रिया वरदान आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

उसने मिळालेले वर्ष

परंतु हा ओसरलेला भुकेचा जोर कायम तसाच राहत नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली या विषयावर एक मोठी पाहणी सुरू झाली. बायपास झालेल्या रुग्णांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले होते. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली होती. म्हणजे १२० किलोचा माणूस ८२ किलोपर्यंत उतरला आणि पुढे ९० किलोवर गेला. याचा अर्थ ऑपरेशन फसले असा नाही. शस्त्रक्रिया न केलेल्यांचे वजन दहा वर्षांत जवळजवळ जागचे हललेच नव्हते आणि शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाणही कमी आढळले. पण हे आकडे सरासरीचे आहेत. सरासरीत जसे वजन टिकवणारे असतात, तसे कमावलेले बरेचसे गमावणारेही असतात.

म्हणून मी रुग्णांना सांगतो की, पहिले वर्ष-दीड वर्ष हे उसने मिळालेले आहे. या काळात भूक कमी असते, वजन आपोआप उतरत असते आणि कपडे सैल होताना पाहून मनालाही उभारी असते. नवी सवय लावायला आयुष्यात याहून सोपा काळ पुन्हा येत नाही. दुर्दैवाने बरेच जण याच काळात बेफिकीर राहतात. वजन तर उतरतेच आहे, मग चालायला कशाला जायचे, असा त्यांचा हिशेब असतो. दीड वर्षाने काटा थांबतो, भूक डोके वर काढते आणि हाताशी एकही सवय नसते.

ताट उलटे करा

आपल्या ताटात पोळी आणि भात मुख्य असतात, वरण-उसळ जोडीला असते. ऑपरेशननंतर हा क्रम उलटा करावा लागतो. पोटात जागा वाटीभर आणि शरीराला दिवसाकाठी ६० ते ८० ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणून प्रथम डाळ, उसळ, पनीर, अंडे किंवा मासे खावे. मग भाजी आणि जागा उरलीच तर पोळी-भाताचे दोन घास. अगोदर पोळी खाल्ली तर उसळ ताटातच राहते.

थोडा हिशेब मांडू. ग्लासभर दुधात सहा ते सात ग्रॅम प्रथिने असतात, एका अंड्यात सहा. वाटीभर घट्ट वरणात किंवा मटकीच्या उसळीत साधारण सात, ५० ग्रॅम पनीरमध्ये नऊ आणि ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत पंधराच्या आसपास. शाकाहारी माणसाला साठाचा आकडा गाठता येतो, पण त्याकडे रोज लक्ष द्यावे लागते. वरणाचे नुसते पातळ पाणी प्यायल्याने तो गाठला जात नाही. आणि साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच, हे उपवास करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. गरज पडल्यास प्रथिनांची पावडर घ्यावी, मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने.

पहिले काही आठवडे द्रवाहार, मग गुरगुट्या आणि मऊ अन्न, मग नेहमीचे जेवण, हा क्रम सर्जन ठरवून देतात. तो मोडू नये. नंतरचे नियम साधे आहेत. घास लहान घ्यावा आणि भरपूर चावावा. एका जेवणाला वीस-पंचवीस मिनिटे द्यावीत. जेवताना आणि त्यानंतर अर्धा तास पाणी पिऊ नये, एरवी दिवसभर घोट-घोट पाणी घ्यावे. पोट भरल्याची जाणीव होताच हात धुवावा. 'एवढ्याने काय होतंय, अजून एक घास घे' हा आपल्याकडचा प्रेमाचा आग्रह या रुग्णाला थेट उलटीपर्यंत नेतो.

आता वजन परत कशाने वाढते ते सांगतो. लहान झालेले जठर भाकरी आणि उसळ अडवते. पण चहा-बिस्किटे, खारी, शेव, चिवडा, आइस्क्रीम, उसाचा रस, थंड पेये हे सारे पदार्थ त्यातून अलगद घसरतात. ते पोट भरत नाहीत, पण उष्मांक मात्र पुरेपूर देतात. दिवसातून चार वेळा साखरेचा चहा आणि टीव्हीसमोर चिवड्याचा डबा एवढ्यावर वजन परत येऊ शकते. नाशिककरांना मिसळ वर्ज्य करा असे मी सांगणार नाही. पोट पुरते स्थिरावल्यानंतर कधीतरी मिसळ खावी, पण उसळ खावी आणि फरसाण, पाव व वरची तर्री सोडून द्यावी. बायपास झालेल्यांनी गोडाबाबत अधिक जपावे. गोड पदार्थ आतड्यात एकदम उतरला की धडधड, घाम, चक्कर आणि जुलाब होऊ शकतात.

घरातील बाईचे जेवण

या विषयात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती आपल्या घरातील स्त्रियांची. त्या सगळ्यांना वाढून शेवटी बसतात. उसळ संपलेली असते, भात उरलेला असतो आणि तो टाकवत नाही. एरवी हे चालून गेले असते. ऑपरेशन झालेल्या बाईला मात्र ते परवडत नाही. वजन उतरते म्हणून सासर-माहेर खूश असते आणि आतून हिमोग्लोबिन घसरत असते, केस गळत असतात, जिना चढताना मांड्यांत ताकद राहत नाही.

माझ्याकडे अशीच एक भगिनी आली होती. ऑपरेशनला दोन महिने झाले होते आणि तीन आठवड्यांपासून उलट्या होत होत्या. 'ऑपरेशननंतर असे व्हायचेच' असे घरच्यांनी धरून चालले होते. तिच्या पायांना मुंग्या येत होत्या आणि चालताना तोल जात होता. ही 'ब-१' जीवनसत्त्वाच्या कमतरतेची लक्षणे होती. तिला त्याची इंजेक्शने सुरू केली आणि त्याच दिवशी तिच्या सर्जनकडे पाठवले. ती सावरली. पण वाचकांनी हे लक्षात ठेवावे की सतत उलट्या होणे हे पथ्याचा भाग नसून धोक्याची सूचना आहे. आणि अशा रुग्णाला 'ब-१' दिल्याशिवाय ग्लुकोजचे सलाईन लावणे घातक ठरू शकते. म्हणून कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी ऑपरेशनची माहिती प्रथम सांगा.

लोह, कॅल्शियम, 'ड' आणि 'ब-१२' जीवनसत्त्वांच्या गोळ्या सर्जनने ठरवून दिल्याप्रमाणे कायम घ्याव्या लागतात. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नये, मध्ये दोन तासांचे अंतर ठेवावे. पहिल्या वर्षी दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी रक्ततपासणी करावी. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचे प्रमाण बहुधा लगेच कमी करावे लागते, ते डॉक्टरांकडून करून घ्यावे. बायपास झालेल्यांनी अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत, त्याने अल्सर होतो. तंबाखू आणि सिगारेटलाही हेच लागू आहे. मूल हवे असलेल्या स्त्रियांनी वर्ष-दीड वर्ष थांबावे.

चालणे आणि वजन उचलणे

वजन उतरते तेव्हा फक्त चरबी जात नाही, स्नायूही जातात. स्नायू गेले की शरीराचा रोजचा इंधनखर्च कमी होतो आणि पुढे वजन वाढणे सोपे होते. हाडेही विरळ होतात. म्हणून व्यायामाचे दोन भाग धरावेत. पहिला चालण्याचा. तो ऑपरेशननंतर वॉर्डातच सुरू होतो आणि वाढवत वाढवत आठवड्याला किमान १५० मिनिटांवर न्यायचा असतो. वजन टिकवण्यासाठी त्याहून जास्तच चालावे लागते. गोल्फ क्लब मैदान किंवा कृषीनगरच्या ट्रॅकवर पहाटे किती गर्दी असते ते पाहावे. गावाकडे मळ्याची वाट आहेच. गुडघे दुखत असतील तर पोहणे उत्तम, मात्र जखम पूर्ण भरल्यावर.

दुसरा भाग ताकदीच्या व्यायामाचा. तो आपल्याकडे, विशेषतः स्त्रिया, टाळतात. पहिले चार-सहा आठवडे जड वजन उचलू नये. नंतर सर्जनच्या परवानगीने आठवड्यातून दोन-तीन दिवस खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस करावी, भिंतीला हात टेकून जोर काढावेत, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलाव्यात. यासाठी जिमची वर्गणी भरावीच लागते असे नाही. पुढे सूर्यनमस्कार घालता आले तर उत्तमच. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी पूर्ण करायची, असे उद्दिष्ट वर्षभर आधी ठेवावे. नुसत्या काट्यावरच्या आकड्यापेक्षा असे उद्दिष्ट माणसाला जास्त चालवते.

नितीन गडकरी यांच्यावर २०११ साली मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तिची बरीच चर्चा झाली होती. २०२२ साली उज्जैनच्या एका कार्यक्रमात त्यांनी आपले वजन पूर्वी १३५ किलो होते आणि आता ९३ किलो आहे, असे जाहीरपणे सांगितले. ऑपरेशनला दहा वर्षे उलटून गेल्यावरचा हा आकडा आहे. ते आपल्या व्यायाम-प्राणायामाबद्दलही वेळोवेळी बोलत असतात. राजकारण बाजूला ठेवून, वाचकांनी त्यातील दहा वर्षांकडे पाहावे.

दारू आणि उपवास

आपले शहर द्राक्षांचे आणि आता वाइनचेही आहे. म्हणून स्पष्ट लिहितो. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः बायपासनंतर, दारू रक्तात लवकर चढते आणि थोडीशीही जास्त बाधते. अन्नातून मिळणारे समाधान कमी झाल्यावर काही जण दारूकडे वळतात आणि व्यसनी होतात, हेही दिसून आले आहे. तिच्यापासून दूर राहणे हाच सल्ला.

उपवासाबद्दल माझे मत अनेकांना रुचत नाही. पहिले वर्षभर कोणताही उपवास करू नये. निर्जळी हरतालिका तर नाहीच नाही. नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा आणि बटाटा खाणे म्हणजे प्रथिनांची नऊ दिवस रजा. पुढे उपवास करायचाच असेल तर दूध, दही, पनीर घ्यावे आणि पाणी सोडू नये.

तारीख ठरवण्यापूर्वी

वजन उतरवणारी नवी इंजेक्शने २०२५ पासून आपल्या बाजारात मिळू लागली आहेत. त्यांचा उपयोग आहे, पण ती बंद केल्यावर वजन परत वाढू लागते. तेव्हा मार्ग सुरीचा असो वा सुईचा, ताट आणि चालणे यांना पर्याय नाही. कुणी ऑपरेशन केले तर त्याने 'सोपा मार्ग' धरला, असे हिणवणाऱ्यांनीही हा सारा पसारा एकदा वाचावा.

माझे म्हणणे एवढेच की ऑपरेशन एकाचे होते, पण सवय सगळ्या घराची बदलावी लागते. संमतीपत्रावर रुग्णाची सही असते. त्याआधी घरात बसून काही गोष्टी ठरवाव्यात. रोजच्या स्वयंपाकात घट्ट वरण-उसळ आधी कुणाच्या ताटात पडेल? रोज पाऊण तास चालायला मोकळा वेळ कसा काढायचा आणि तेवढा वेळ घरकाम कोण सांभाळेल? दरवर्षीच्या तपासण्या आणि रोजच्या गोळ्या यांचा खर्च दहा वर्षांचा धरला आहे का? सर्जनकडून ऑपरेशनची माहिती लिहिलेले पत्र आपल्या नेहमीच्या डॉक्टरसाठी मागून घेतले का? या प्रश्नांची उत्तरे तयार असतील तर खुशाल तारीख ठरवावी. नसतील तर महिनाभर थांबावे आणि त्या महिन्यात सगळ्या घराने संध्याकाळी एकत्र चालायला सुरुवात करावी.