कोठडीतल्या माणसाची भाषा

सीमाभागात भाषेच्या हक्काचा विषय निघाला की बोलणे फलकांवर येते, शाळांवर येते, जमिनीच्या उताऱ्यावर आणि ग्रामपंचायतीच्या नोटिसांवर येते. हे सारे विषय महत्त्वाचेच आहेत. पण ज्याला दाराबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नाही, त्या माणसाच्या भाषेचा विचार आपल्या सभांतून आणि निवेदनांतून क्वचितच होतो. पोलीस कोठडीतला संशयित, तुरुंगातला कच्चा कैदी, मनोरुग्णालयातला रोगी, बालगृहातले पोर, आधारगृहात ठेवलेली बाई ही सगळी माणसे सरकारच्या ताब्यात असतात. कन्नडमध्ये आलेली नोटीस हातात पडली तर बाहेरचा माणूस ती मास्तरांकडे नेतो, वकिलाकडे नेतो, नाहीतर शेजारच्या शिकलेल्या पोराकडून वाचून घेतो. आतल्या माणसाने कोणाकडे जायचे? ज्याने कागद दिला त्यालाच त्याचा अर्थ विचारायचा, एवढाच मार्ग त्याला उरतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

यावर ठरलेले एक उत्तर मिळते. राज्याची राजभाषा कन्नड आहे, कारभार राजभाषेत चालणार, मग तक्रार कसली? हे उत्तर देणाऱ्यांनी एक जुना निकाल जरूर वाचावा. तो महाराष्ट्राच्या विरोधात गेलेला आहे, म्हणून आम्ही तो अधिक आवडीने सांगतो. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला. नागपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने प्रतिबंधक स्थानबद्धतेखाली एका माणसाला अडकवले आणि त्याची कारणे इंग्रजीत लिहून त्याच्या हाती दिली. मला इंग्रजी येत नाही, हिंदीत द्या, असे त्याने कळवले. उच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. इंग्रजी त्या वेळी राज्यकारभाराची भाषा होती, तेव्हा तीत दिले ते दिले, असा तो युक्तिवाद. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. घटनेच्या २२व्या कलमात कारणे 'कळवण्याचे' बंधन आहे, आणि माणसाला जे समजत नाही ते त्याला कळवले असे होत नाही, हा त्या निकालाचा गाभा. पोलिसांनी तोंडी अर्थ सांगितला, हेही पुरेसे मानले गेले नाही. लांबलचक कारणांना उत्तर द्यायचे तर ती त्याला वाचता येतील अशा भाषेत आणि लिपीत त्याच्या हाती हवीत, असे न्यायालयाने म्हटले. राजभाषा कोणती हा प्रश्न तिथे गौण ठरला. समोरच्या माणसाला काय समजते, याला महत्त्व आले.

लिपीचा हा मुद्दा सीमाभागातल्या माणसाइतका कोणाला कळणार नाही. खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या मराठी माणसाला बाजारहाटापुरते कन्नड येते. एसटीत, दवाखान्यात, आठवडे बाजारात तो दोन वाक्ये बोलून वेळ निभावतो आणि त्यात त्याला कमीपणाही वाटत नाही. पण ठाण्यात हेच त्याच्यावर उलटते. जमादाराने कन्नडमध्ये नाव-गाव विचारले, याने कन्नडमध्ये सांगितले, झाले! याला कन्नड येते, अशी समजूत होऊन बसते. पुढे चार पाने कन्नड लिपीतली जबानी त्याच्यापुढे येते आणि तिच्याखाली 'वाचून दाखवली, समजली, बरोबर आहे' या अर्थाचा ठरीव मजकूर असतो. तो सही करतो. वांगी कशी किलो हे विचारण्याची भाषा वेगळी आणि आपल्यावरचा आरोप, पंचनामा, कलमे समजून घेण्याची भाषा वेगळी. ज्या मराठी शाळेत तो शिकला तिथे त्याने लिपी देवनागरी गिरवली. कन्नड अक्षर त्याला नक्षीसारखे दिसते. १९८६ चे कन्नडसक्तीविरोधी आंदोलन किंवा २०१४ चे येळ्ळूर ज्यांना आठवते त्यांना हे नव्याने सांगायला नको. पण आम्ही केवळ आंदोलकांविषयी बोलत नाही. आंदोलकाच्या मागे समिती असते, वकील असतात, वर्तमानपत्रे असतात. बांधाच्या भांडणात किंवा मोटारसायकलच्या अपघातात आत गेलेल्या साध्या माणसामागे कोणी नसते, आणि आत जाणाऱ्यांत अशांचीच संख्या अधिक.

१९८३ साली पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांचा प्रश्न हाती घेतला. त्या निकालातला एक आदेश सीमाभागाने पाठ करावा असा आहे. अटक झालेल्या माणसाचे हक्क सांगणारे पत्रक मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत छापावे, प्रत्येक कोठडीत लावावे, आणि माणूस ठाण्यात येताच त्याला समजेल त्या भाषेत ते वाचून दाखवावे, असे न्यायालयाने सांगितले. हा आदेश महाराष्ट्रापुरता होता, हे खरे. पण त्यामागचे तत्त्व सरहद्दीच्या खांबापाशी संपते काय?

आता तर तेवढीही शंका उरलेली नाही. मुंबईतील एका मोटार अपघाताच्या प्रकरणातून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केले की अटकेची कारणे लेखी द्यायची आणि ती अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायची. तत्काळ लेखी देणे शक्य नसेल तर तोंडी सांगावे, पण रिमांडसाठी दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करण्याच्या किमान दोन तास आधी तो कागद त्याच्या हाती असला पाहिजे. तसे झाले नाही तर अटकच बेकायदा ठरते. हा दंडक देशभर लागू आहे, बेळगावलाही आहे आणि बिदरलाही. न्यायालयात साक्ष आरोपीला न समजणाऱ्या भाषेत होत असेल तर ती त्याला उलगडून सांगावी, ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. दुभाषी मागणे ही मेहेरबानीची याचना नव्हे.

मनोरुग्णालयाची गोष्ट याहून नाजूक आहे. तिथे भाषा हे तपासणीचेच साधन असते. एखादी म्हातारी वाट चुकली, कुठल्या तरी बसस्थानकावर सापडली आणि तिला धारवाडच्या, रत्नागिरीच्या किंवा गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात पोहोचवले, असे या भागात होऊ शकते. तिला विचारतात, आज वार कोणता, गाव कुठले, मुले किती? प्रश्न तिच्या भाषेत नसेल तर ती गप्प बसते. त्या गप्प बसण्याचा अर्थ कागदावर काय लिहिला जाईल? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने हा धोका ओळखला आहे. उपचाराबाबत निर्णय घेण्याची क्षमता रोग्यात आहे की नाही हे ठरवण्याआधी त्याला समजेल अशा सोप्या भाषेत माहिती दिली पाहिजे, असे तो कायदा सांगतो. कायदा चांगला आहे. पण रात्रपाळीच्या परिचारिकेला मराठी येते की नाही, की वॉर्डातल्या झाडूवाल्यालाच दुभाषी म्हणून बोलावतात, हे बघायला कायदा वॉर्डात जात नाही.

मग बघायचे कोणी? १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० ब हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त नेमला गेला. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण, अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्क्यांवर असेल तिथे महत्त्वाच्या नोटिसांचे भाषांतर, नोकरभरती, यांवर त्याचा भर राहिला. तो राष्ट्रपतींना अहवाल देतो, अहवाल संसदेपुढे जातो आणि तिथून पुढे फायलीत. १९९३ च्या मानवाधिकार संरक्षण कायद्याने मानवाधिकार आयोगाला तुरुंग, तसेच उपचारासाठी, सुधारणेसाठी किंवा संरक्षणासाठी माणसे ठेवलेल्या संस्था पाहण्याचा अधिकार दिला. पण आयोगाच्या हाती शेवटी शिफारसच. एकाला भाषा दिसते पण कोठडी दिसत नाही, दुसऱ्याला कोठडी दिसते पण तिच्यातली भाषा दिसत नाही, असा हा प्रकार आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरातल्या विलोब्रुक या मतिमंद मुलांच्या सरकारी संस्थेतील हाल १९७२ साली दूरदर्शनवर आले आणि देश हादरला. १९८० साली तिथे कायदा झाला, की राज्याच्या तुरुंगात, मनोरुग्णालयात किंवा सरकारी शुश्रूषागृहात माणसांचे हक्क सर्रास तुडवले जात असतील तर केंद्राच्या महान्यायवाद्याने त्या राज्यावर दावा लावावा. अमेरिकेचे सारे गोड मानणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे, तिथल्या तुरुंगांची कीर्तीही काही चांगली नाही. पण आतल्या माणसाच्या वतीने केंद्राने राज्याला कोर्टात खेचावे, ही कल्पना आपल्या दिल्लीला सुचलेली नाही. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. कोठडीतल्या माणसाने त्याच्या निकालाची वाट बघत बसायचे काय?

इथे एक गोष्ट आमच्याच लोकांना सांगितली पाहिजे. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या भागांत कन्नड बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्यातला एखादा सांगलीच्या किंवा सोलापूरच्या कोठडीत गेला आणि त्याच्यापुढे मराठी जबानी आली, तर त्याचे दुःख खानापूरच्या माणसापेक्षा वेगळे नाही. महाराष्ट्र सरकारने त्या ठाण्यांत कन्नड पत्रक लावले तर आमची बाजू दुबळी होईल असे मानणारे काही पुढारी आहेत. आम्हाला ते मान्य नाही. उलट बेळगावात मागताना आपल्याला तोंड वर करून मागता येईल.

तोवर गावागावांतल्या कार्यकर्त्यांनी काही गोष्टी घरोघर सांगाव्यात. ज्या कागदाची लिपी वाचता येत नाही त्यावर 'मला हे वाचता येत नाही' असे मराठीत लिहून मगच सही करावी, आणि लिहू देत नसतील तर चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करतील तेव्हा हे स्पष्ट शब्दांत सांगून नोंदवून घ्यायला लावावे. कोठडीत किंवा मनोरुग्णालयात असलेल्या प्रत्येकाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधिसेवा कायद्याखाली सरकारी खर्चाने वकील मिळतो. अर्ज करताना मराठी जाणणारा वकील हवा असे लिहावे. घरच्यांनी तक्रार मराठीतच करावी. घटनेचे ३५० वे कलम तसा हक्क देते, फक्त उत्तर मराठीत येईल याची हमी देत नाही, म्हणून अर्जाची पोच घेऊन ठेवावी. आणि बेळगावच्या जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाकडे आमची मागणी एका पानाची आहे. अटक झालेल्याचे हक्क सांगणारे मराठी पत्रक छापावे, खानापूर, निपाणी आणि बेळगाव तालुक्यांतल्या ठाण्यांत, तसेच हिंडलगा तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत ते या महिन्यातच लावावे. छपाईचा खर्च अडत असेल तर तेवढे पान आम्ही आमच्या छापखान्यात छापून देऊ.