मतपेटी दारी आली, पण कोणाच्या?

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी आम्ही घरोघर फिरतो. २०२४ सालच्या मे महिन्यात तो शुक्रवार ३ तारखेला आला होता आणि आमच्या पालघर लोकसभा मतदारसंघाचे मतदान २० तारखेला होते. अंथरुणाला खिळलेल्या एका एकोणनव्वद वर्षांच्या आजींनी प्रार्थना आटोपताच आम्हांस विचारले, "फादर, माझे मत घ्यायला माणसे घरी कधी येणार?" त्यांनी रेडिओवर ऐकले होते की, यंदापासून म्हाताऱ्यांना घरबसल्या मत देता येणार आहे. त्यांनी ऐकले ते खरेच होते. दुसऱ्या दिवशी चौकशी केली तेव्हा कळले, की अर्जाची मुदत संपून गेली आहे. नमुना घेऊन कोणी घरी आले होते किंवा नव्हते, याविषयी त्या घरातच एकमत नव्हते. सून म्हणाली, कोणी आले नाही. मुलगा म्हणाला, कोणीतरी कागद देऊन गेले होते, तो कपाटावर असेल. आजींनी त्या निवडणुकीत मत दिले नाही.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे, की मत देण्याचे मार्ग आपल्या देशात आज पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढले आहेत, परंतु त्या मार्गांची माहिती मात्र मतदान आटोपल्यावर पोहोचते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मार्ग एकच होता. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली स्वतंत्र पेटी असे आणि मतदाराने आपली कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची, इतकेच. त्या वेळी सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली, कारण त्यांनी स्वत:चे नाव न सांगता 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढेच सांगितले होते. पुढे पेटी गेली, शिक्का आला. १९८२ साली केरळातील परूर येथे प्रथमच यंत्र वापरले गेले आणि २००४ पासून सगळा देश यंत्रावर मत देऊ लागला. त्या अठ्ठावीस लाख स्त्रियांचा प्रश्न मात्र नाव बदलून आजही उभा आहे. पेटी असो वा यंत्र, यादीत नाव नसेल तर सारे व्यर्थ.

यादीचा विषय आम्ही येथे थोडक्यात उरकतो. नव्या मतदारासाठी नमुना ६, पत्ता बदलण्यासाठी वा दुरुस्तीसाठी नमुना ८. पूर्वी वर्षातून एकच अर्हता दिनांक असे, १ जानेवारी. २०२२ पासून चार आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. मात्र उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेनंतर यादीत नाव घालता येत नाही. हा कायदाच आहे, अधिकाऱ्याची लहर नव्हे. बिहारमध्ये २०२५ साली झालेल्या विशेष सखोल पुनरीक्षणात प्रारूप यादीतून सुमारे पासष्ट लाख नावे गळली आणि ती कारणांसह जाहीर करावीत, असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात हे काम ज्या बारा राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाले त्यांत गोवाही होता. गोव्यात पोर्तुगीज पारपत्र घेतलेली कितीतरी घरे आहेत. परदेशी नागरिकत्व स्वीकारले की भारतातील मताधिकार संपतो, हे तेथील काही कुटुंबांना अजूनही नीट उमगलेले नाही.

आता आजींकडे वळू या. निवडणूक नियमांत ऑक्टोबर २०१९ मध्ये बदल झाला आणि ऐंशी वर्षांवरील मतदारांना, तसेच चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्यांना टपाली मतपत्रिकेची सोय मिळाली. १ मार्च २०२४ रोजी ही वयोमर्यादा पंचाऐंशी करण्यात आली. ऐंशीपुढील फारच थोडे लोक ही सवलत घेतात, हे त्याचे कारण सांगण्यात आले. आम्हांस हा तर्क उलटा वाटतो. सवलत थोड्यांनी घेतली, याचा अर्थ ती नको होती असा होत नाही. ती कळली नव्हती, असाही होतो. अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत नमुना १२-डी भरून द्यावा लागतो. आमच्याकडे अधिसूचना २६ एप्रिलला निघाली होती. उमेदवार कोण, हे ठरण्यापूर्वीच घरातून मत देण्याचा निर्णय मतदाराने घ्यावयाचा, अशी ही रचना आहे. छपाई, पथके, मार्ग यांची जुळणी करावी लागते हे आम्ही जाणतो. तरीही जे घर मतदानाच्या आठवड्यात जागे होते त्याच्यासाठी पाच दिवस म्हणजे काहीच नाहीत.

अर्ज मंजूर झाला की पुढचे काम बरेच चोख असते. दोन मतदान अधिकारी, सोबत पोलीस आणि चित्रीकरण करणारा असे पथक घरी येते. उमेदवारांना आधी कळविले जाते. मतदाराने खूण करून मतपत्रिका लिफाफ्यात बंद करायची आणि प्रतिज्ञापत्रावर सही करायची. पहिल्या वेळी मतदार भेटला नाही तर पथक आणखी एकदा येते, त्यानंतर नाही. आणि हे ध्यानात ठेवावे, की १२-डी मंजूर झालेल्या मतदाराला नंतर केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. या व्यवस्थेत आम्हांला एकच भीती वाटते, ती घरच्याच माणसांची. केंद्रावर पुठ्ठ्याचा आडोसा असतो. घरात पलंगाच्या उशाशी मुलगा उभा असतो. चित्रीकरण करणाऱ्याने मताची गुप्तता राखायची, पथकाने राखायची. पण आई कोणाला मत देते हे पाहण्याचा मोह आवरणे हे मुलाकडेच आहे.

ज्यांना दृष्टी नाही वा हात चालत नाही, त्यांना केंद्रावर सोबती नेता येतो. तो अठरा वर्षांचा असावा लागतो आणि एका दिवशी एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल, तरी परतून येऊ नये. केंद्राध्यक्षाकडे आपली ओळख पटवावी आणि 'प्रदत्त मत' मागावे. ते यंत्रावर नव्हे, मतपत्रिकेवर देता येते. ते नेहमीच्या मोजणीत धरले जात नाही, हे खरे. परंतु निकाल न्यायालयात गेला तर ते लिफाफ्यात जपलेले असते. राजस्थानात २००८ साली नाथद्वाऱ्यातून सी. पी. जोशी एका मताने पडले होते. एका मताने काय होते, असे म्हणणाऱ्यांना आम्ही तेवढेच सांगतो.

महापालिकेची गोष्ट वेगळी. वसई-विरार महापालिकेची मुदत २०२० साली संपली आणि निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ रोजी; मधली वर्षे प्रशासकाची. ही निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, तिचे नियम निराळे. लोकसभेच्या वेळी घरी मत दिलेल्या काहींनी त्याच भरवशावर पथकाची वाट पाहिली. १२-डी महापालिकेला लागू नाही, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. बहुसदस्यीय प्रभागात एका मतदाराने प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मत द्यायचे असते, आणि मत दिल्याची चिठ्ठी दाखविणारे यंत्रही तेथे नसते. एकाच मतदाराला दोन निवडणुकांत इतके भिन्न अनुभव यावेत, याचा विचार दोन्ही आयोगांनी एकत्र बसून करावयास हवा.

आखातात नोकरी करणाऱ्या आमच्या तरुणांचे काय? भारतीय पारपत्र असलेल्यांना नमुना ६-ए भरून नाव नोंदविण्याचा हक्क २०१० च्या दुरुस्तीने मिळाला, पण मत द्यायला पारपत्र घेऊन स्वत: गावी यावे लागते. प्रतिपत्रीमार्फत मत देण्याचे विधेयक २०१८ साली लोकसभेत संमत झाले आणि पुढे ती लोकसभाच विसर्जित झाल्याने मावळले. जहाजावरील खलाशीही असाच उपेक्षित. सैनिकाला इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मतपत्रिका पाठविली जाते, व्यापारी जहाजावरील खलाशाला सेवा-मतदार मानले जात नाही.

परंतु आमच्या मनाला सर्वांत अधिक टोचते ते दूरदेशीचे नव्हे, आमच्या अंगणातले. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याहून आदिवासी कुटुंबे वसईच्या पूर्वेकडील वीटभट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. लोकसभेचे मतदान एप्रिल-मे महिन्यांत होते. त्या दिवशी भरपगारी सुटी द्यावी, असा कायदा आहे. पण विटेच्या हजारीवर मजुरी मिळणाऱ्या आणि आधीच उचल घेतलेल्या माणसाला सुटीचा पगार कोण देणार आणि मुलेबाळे घेऊन गावी जाण्या-येण्याचे भाडे कोण भरणार? नमुना ८ भरून नाव भट्टीवर आणावे, असे सुचविणारे भेटतात. मग पावसाळ्यात तो गावी परतला की ग्रामपंचायतीच्या यादीत त्याचे नाव नसते. झोपडी हा त्याचा पत्ता सहा महिन्यांपुरताच आहे.

आणि नवल असे, की जव्हार-मोखाडा आणि वसई हे दोन्ही एकाच पालघर लोकसभा मतदारसंघात आहेत. भट्टीजवळच्या शाळेत ठेवलेल्या यंत्रावर तेच उमेदवार, तीच चिन्हे, तोच क्रम. तो मजूर त्या शाळेच्या दारावरून विटांची गाडी नेतो, पण आत जाऊन कळ दाबू शकत नाही, कारण त्याचे नाव शंभरेक किलोमीटरवरच्या केंद्राच्या यादीत आहे.

यावर उपाय नाही, असे म्हणता येणार नाही. मतदानाच्या कामावर नेमलेला शिक्षक आपल्याच मतदारसंघात अन्य केंद्रावर असेल, तर त्याला निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र मिळते; ते दाखवून तो नेमलेल्या केंद्रावरील यंत्रावर मत देतो आणि त्याच्या मूळ यादीत तशी खूण केली जाते, म्हणजे दोनदा मत देता येत नाही. काश्मिरातील विस्थापितांसाठी जम्मू, उधमपूर व दिल्ली येथे विशेष केंद्रे असतात. म्हणजे हलणाऱ्या मतदारावर कायदा विश्वास ठेवतो. मजुराच्याच बाबतीत अडखळतो.

डिसेंबर २०२२ मध्ये आयोगाने दूरस्थ मतदानयंत्राचा नमुना जाहीर केला. एका यंत्रावर बहात्तर मतदारसंघांचे मत घेता येईल, अशी ती योजना होती. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांची बैठक झाली, विरोधी पक्षांनी हरकती घेतल्या. स्थलांतरित म्हणावे कोणाला, परराज्यात मतदान प्रतिनिधी कोण बसविणार, हे त्यांचे प्रश्न गैर नव्हते. पण मतदारसंघ एकच असताना यांतला एकही प्रश्न उद्भवत नाही. नवे यंत्र नको, नवा उमेदवार नको, प्रतिनिधी आधीच केंद्रावर बसलेले असतात. शिक्षकाला जे प्रमाणपत्र मिळते, तसेच भट्टीवरील मजुराला आठ-पंधरा दिवस आधी, भट्टीवर जाऊन, आधीच्या नोंदणीवरून द्यावयाचे, एवढेच. विधानसभेला हे चालणार नाही, कारण तेथे मतदारसंघ बदलतो. लोकसभेला मात्र चालेल. त्यासाठी १९६१ च्या नियमांत एका उपनियमाची भर पुरेल, आणि ती आयोगाशी विचारविनिमय करून केंद्र सरकारला करता येते. २०२९ सालच्या मतदानाच्या वेळीही भट्ट्या पेटलेल्या असणार आहेत.