पाण्यातून गेलेले लोखंड

आमच्या पाठ्यपुस्तकात 'निलंबन' म्हणजे परीक्षानळीतले गढूळ पाणी. ते स्थिर ठेवले की गाळ खाली बसतो, आणि आपले दोन गुण पक्के! माझ्या मते तिथे पश्चिम घाटातल्या कुद्रेमुखचे उदाहरण हवे. तिथे लोहखनिज बारीक दळून, पाण्यात कालवून सुमारे ६७ किलोमीटर पाइपलाइनमधून मंगळूरला नेत. वेग पुरेसा असला की कण तळाशी बसत नाहीत. घाटात ट्रकांची रांगही नको. पण खनिज काढून उरलेला गाळ लक्या धरणामागे साठत गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००५ अखेर खाण थांबली. गाळ मात्र तिथेच आहे. वाहून नेलेल्याबरोबर मागे उरलेल्याचाही हिशोब मांडायला शिकवील, तेच खरे विज्ञान.